जुन्या मशीनवरचे चौदा टक्के

रायपूर
९ जानेवारी २०२५

श्रेयस,

गौतम येऊन गेला. तुझा ज्युनियर गौतम, चष्म्याला दोरी बांधणारा. त्याचं नाव वाचून तू पत्र फाडायला घेशील हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते, थांब. पूर्ण वाच, मग फाड. दिवाळीला तू पाठवलेल्या कार्डावर फोन नंबर नाही, नुसता कोइम्बतूरच्या सूतगिरणीचा पत्ता. आता पत्र कोण लिहितं रे? तुझ्यापायी मला टपालपेटी कुठे आहे ते लोकांना विचारत फिरावं लागलं.

युनिव्हर्सिटीतल्या तुमच्या विभागातली जुनी संगणकांची लॅब रिकामी करायचं काम गौतमकडे आलंय. मशीन भंगारात द्यायच्या आधी आतलं कामाचं काढून ठेवायचं. खिडकीजवळच्या मशीनला, म्हणे, कधी इंटरनेट जोडलंच नव्हतं. त्यात तुझं बीरगांवचं काम जसंच्या तसं पडलेलं होतं, पोरांच्या माहितीची फाइल आणि तू लिहिलेला प्रोग्राम. त्याने सहज चालवून पाहिला, तर उत्तर आलं चौदा.

"ताई, मी मशीन बंद करून परत चालू केलं," तो म्हणाला. "तरी चौदाच."

मला तेव्हा तुझ्या प्रकरणातलं काडीचं कळलं नव्हतं. या वेळी मी गौतमला समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मला समजलं ते माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर हस. तेवढं तरी हस.

तू बीरगांवच्या पोरांना यंत्रात फुंकायला लावून त्यांच्या फुप्फुसांची ताकद मोजलीस. लोखंडाच्या कारखान्यांना लागून राहणाऱ्या पोरांची फुंकर लांबच्या पोरांपेक्षा चौदा टक्के कमी, असा निकाल छापून आला. मग बाहेरच्या कोणीतरी तुझीच फाइल मागवून हिशेब केला, तर तीनच टक्के आले, म्हणजे धुळीचा दोष नाहीच म्हणण्यासारखं. चौकशी समिती बसली. त्यांच्यासाठी गौतमने स्वतःच्या लॅपटॉपवर हिशेब केला, तीन. लॅबमध्ये तुला पाय ठेवू देत नव्हते, तू घरी नव्या लॅपटॉपवर केलास, तीन. झालं. पोराने आकडे मनाने बसवले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

फाइल तीच होती, श्रेयस. प्रोग्रामही तोच. लॅबच्या मशीनवर सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती आणि बाकी सगळ्यांकडे नवी, एवढाच काय तो फरक. ज्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, पोरं कमी सापडली तिथल्या प्रत्येक पोराला तू हिशेबात जास्त वजन दिलं होतंस ना? काही पोरांना फुंकताच आलं नाही, त्यांच्या रकान्यात काही नाही. जुनी आवृत्ती त्या पोरांच्या ओळी गाळायची, पण त्यांची वजनं गाळायची नाही. शाळेत एखादं पोरगं गैरहजर असावं, त्याचे गुण पुढच्याला मिळावेत, पुढच्याचे त्याच्या पुढच्याला, आणि शेवटपर्यंत सगळा वर्ग चुकत जावा, तसं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या ते लक्षात आलं, त्यांनी दुरुस्त केलं आणि दुरुस्त्यांच्या लांबलचक यादीत एक ओळ टाकून दिली की आधीची उत्तरं बदलू शकतात. ती ओळ ना तू वाचलीस, ना समितीने. समितीत पाच शहाणी माणसं बसली होती, पण 'कोणत्या आवृत्तीवर?' हे एकालाही विचारायचं सुचलं नाही.

म्हणजे चौदा चुकीचे होते. पण ते तू बनवले नव्हतेस. मशीनने दिले, तू उतरवून घेतलेस.

हे ऐकत असताना मला पाच वर्षांपूर्वीचा गच्चीवरचा तू दिसत होतास. समितीच्या कागदावर सही करून आला होतास आणि टाकीला टेकून उभा होतास. "ताई, मी केलं असन," म्हणालास. "मले आठवत नाही, पण केलंच असन. नाही त असं कसं होईन?"

गौतम रडला. मी त्याला चहा दिला, आणखी काय करणार? शिव्या द्यायचं मनात होतं, पण त्याचा चेहरा बघून तोंडातल्या तोंडात राहिल्या.

नाना बरे आहेत, लेकाचं नाव काढत नाहीत एवढंच. इथे खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत आणि मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर तिरपं गेलं तर समजून घे.

ताई


रायपूर
२८ जानेवारी

श्रेयस,

उत्तर नाही. ठीक आहे, तुझा स्वभाव मला नवा नाही. लहानपणी रुसलास की पलंगाखाली जाऊन बसायचास आणि पाय बाहेर राहायचे. आताही मला पत्ता कळवून गप्प बसलायस, म्हणजे पाय बाहेरच आहेत.

मी गौतमला घेऊन तुमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेले. कॉटनची कडक साडी, टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो. बाई गोड बोलतात. गौतमने दोन्ही आवृत्त्यांची उत्तरं समोर ठेवली, दुरुस्त्यांच्या यादीतली ती ओळ दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाल्या, "रिज़ल्ट तो गलत ही था ना? तो पेपर वापस लिया, सही लिया."

मी म्हटलं, "मैडम, रिज़ल्ट गलत था, लड़का गलत नहीं था."

"वह तो उसने खुद लिखकर दिया है," त्या म्हणाल्या.

फाइलमधला कागद माझ्यापुढे सरकवला. 'आकड्यांत फेरफार माझ्याकडून झाला', खाली तुझी सही. ते प्रकरण बंद झालंय आणि बंद प्रकरण उघडायला नियम नाही. तू स्वतः अर्ज केलास तर बघू, म्हणाल्या. बघू म्हणजे काय ते तुलाही कळतं. पण अर्ज तर कर. गौतमने मसुदा तयार ठेवलाय. खाली सही करायला मी तुला सांगतेय, विचित्रच आहे, पण या वेळी मजकूर खरा आहे.

तिथून बीरगांवला गेले. कशाला गेले मला माहीत नाही, रिक्षावाल्याला सांगून टाकलं. मीराबाई भेटली, तुझी मितानिन, जी घरोघर औषधं देत फिरायची आणि तुला पोरं गोळा करून द्यायची. तिचे केस पांढरे झालेत. ओळख पटल्याबरोबर तिने आधी फुग्यांचं काढलं. जोरात फुंकायची सवय व्हावी म्हणून तू पोरांना आधी फुगे द्यायचास, आणि उरलेले आपल्या घरी फुटायचे, आणि नाना ओरडायचे. ती पोरं आता मिशा फुटलेली झालीत.

मी तिला मशीनचं सांगायला लागले तर तिने मला अर्ध्यातच थांबवलं. "भैया लबरा नोहय," म्हणाली. खोटारडा नाही तो. एवढंच. तिला आवृत्ती नको होती की यादी नको होती. मला एकदम लाज वाटली, का ते सांगता येत नाही.

मग तिने विचारलं, आता टँकर परत येणार का? तुझा निकाल छापून आला तेव्हा कारखान्याने रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला टँकर सुरू केला होता. तुझा पेपर मागे घेतला, टँकर बंद. चौदा खरे नाहीत, तीनच आहेत. ती बोलत असताना माझ्या जिभेवर धुळीची चव येत होती आणि मी म्हणत होते, बाई, तसं काही सिद्ध होत नाही.

परतताना गौतम एक बोलला ते मनातून जात नाही. म्हणाला, "ताई, ज्या पोट्ट्यायले खोकल्यापायी फुंकताच नाही आलं, ते ना चौदात आहेत ना तीनात."

नानांना अजून सांगितलं नाही. त्यांच्या तब्येतीचं तुला वाटत असेल तर, थोडी थकावट आहे, वयाचं आहे. पण ही मशीनची बातमी त्यांना तुझ्याच तोंडून कळली तर जास्त बरं. ये ना. नुसता ये.

ताई


रायपूर
२२ फेब्रुवारी

श्रेयस,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. 'ताई, आज म्हणतात मी खोटा नव्हतो. उद्या पुढची दुरुस्ती येईल, मग परत असेन.' खाली नाव नाही, तारीख नाही.

वाचून मला तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग रडले. मग परत मारावीशी वाटली.

येऊ दे की दुरुस्ती! दहा येऊ देत. आकडा त्यांचा आहे, तो बदलेल, त्यांना हवा तेव्हा बदलेल. पण तू त्या खिडकीजवळ बसून काय केलंस, ते आता कोण बदलणार? चौदा दिसले, चौदा लिहिलेस. गौतम म्हणतो, ती जुनी आवृत्ती वापरलेली माणसं जगभर असतील, कोणाचा निकाल थोडा सरकला असेल, कोणाचा पार उलटला असेल. ती बिचारी कपाळाला हात लावून परत हिशेबाला बसतात. आपण चोर आहोत असं ती मानत नाहीत. तूच एक मानून बसलास. एवढा हुशार मुलगा आणि स्वतःच्या हातापेक्षा यंत्रावर भरवसा.

आता मी एक सांगते, रागावू नकोस. नाना बरे नाहीत. डिसेंबरपासून दवाखान्यात येऊन-जाऊन आहेत, आता तर राहायलाच आहेत. हृदय थकलंय, पायावर सूज आहे, पाणी मोजून द्यायचं असतं. पहिलं पत्र मी दवाखान्याच्या व्हरांड्यातच लिहिलं होतं. तू दयेपोटी येऊ नयेस, तुझं नाव साफ झालं म्हणून ताठ मानेने यावंस असं मला वाटत होतं. माझी हौस, दुसरं काय.

तुझ्या दोन ओळी आल्या त्या दिवशी मी नानांना सगळं सांगून टाकलं. वाट बघण्यात अर्थ राहिला नव्हता. ते उशीला टेकून बसले होते, माझी निधी त्यांना मोसंबी सोलून देत होती. रेल्वेच्या सिग्नल विभागात आयुष्य गेलेला माणूस, जुनी दुरुस्ती-नवी दुरुस्ती त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळली. "म्हणजे यंत्र बदललं अन् चौकशी माणसाची केली," म्हणाले. मग निधीने दिलेली फोड हातात घेतली.

तुला ठाऊकच आहे, यार्डात डबे घसरले तेव्हा साहेबांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला होता. नानांनी सही केली नाही. निलंबित राहिले, आईने शिवणकाम केलं, पण सही नाही. आपला दोष नसेल तर सही करायची नाही, आणि केली तर दोष आपला. त्यांच्या लेखी हा धर्मच होता. म्हणून तुझी सही त्यांना तुझ्या गुन्ह्यापेक्षा मोठी वाटली.

"मंग त्यानं सही काहून केली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाना, त्याले वाटलं का त्यानंच केलं असन."

"असं वाटलं त्याले?"

"सगळेच सांगून राहिले होते न."

"मी बी सांगून राहिलो होतो," नाना म्हणाले.

निधी माझ्याकडे बघायला लागली. नानांनी फोड ताटलीत ठेवली. "देवश्री, मी त्याले हे इचारलंच नाही का तू केलं का. सही काहून केली, एवढंच इचारत राहिलो. बापानं आधी ते इचारायले पायजे होतं."

मग तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. नानांना रडताना मी आईच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. निधी हिंदीतच म्हणाली, "मम्मी, मामा को बुला लो, प्लीज़." तिला मराठी सगळी कळते, फक्त बोलता येत नाही, पण त्या दिवशी मला वाटलं, न कळती तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी हट्टच धरला, फोन लाव. गौतमने इंटरनेटवरून तुमच्या सूतगिरणीच्या ऑफिसचा नंबर काढला. पलीकडे कोणी तमिळमध्ये बोलत होतं, मी 'श्रेयस, श्रेयस' करत राहिले. शेवटी तू आलास. तुझा 'हॅलो' ऐकला आणि मी म्हटलं, "थांब, नाना बोलतात." फोन त्यांच्या कानाला लावेपर्यंत तू ठेवून दिला होतास.

नानांना मी सांगितलं की लाइन कटली. त्यांनी मान हलवली. रेल्वेतल्या माणसाला फोन कटणं आणि ठेवणं यातला फरक कळतो रे.

परत लावला तर साहेब घरी गेले म्हणाले.

मी तुला दोष देत नाही. तुला वाटलं असेल, परत तेच विचारणार, सही का केलीस. त्यांना ते विचारायचं नव्हतं. ये. तिकीट मिळत नसेल तर उभा राहून ये.

ताई


रायपूर
६ एप्रिल

श्रेयस,

गिरणीच्या ऑफिसात निरोप ठेवला होता. त्यांनी इंग्रजीत लिहून घेतला, नाव नीट विचारलं. तुला मिळाला की नाही मला माहीत नाही. मिळूनही तू आला नसशील तर तेही मला माहीत करून घ्यायचं नाही. नाना एकोणतीस मार्चला सकाळी गेले. अग्नी मी दिला. मारवाडी श्मशानाच्या फाटकाशी मी शेवटपर्यंत मागे वळून बघत होते, गुरुजी दोनदा म्हणाले, ताई, चला.

गौतमने खांदा दिला. मीराबाई बीरगांवहून बस बदलून आली, तिला कोणी कळवलं देव जाणे.

अर्जाचं म्हणशील तर मसुदा तसाच पडून आहे. लॅब रिकामी झाली. ते खिडकीजवळचं मशीन तेवढं गौतमने भंगारात जाऊ दिलं नाही, घरी नेऊन ठेवलंय. बायको कटकट करते म्हणाला. ते चालू आहे, अजून चौदाच सांगतं. तुला कधी स्वतः बघायचं झालं तर बघ. नाही बघितलंस तरी चालेल.

नानांचे शेवटचे दिवस कसे गेले ते तुला लिहायचं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. लिहिते.

फोन झाला त्यानंतर त्यांनी तुझं नाव माझ्यापाशी काढलं नाही. पण इतरांपाशी सुरू केलं. सलाईन बदलायला नर्स आली की तिचा हात धरायचे. "सिस्टर, माह्या पोट्ट्यानं काही केलं नाही." ती हो बाबूजी म्हणायची. फरशी पुसणाऱ्या बाईला सांगितलं. आपल्या बूढ़ापाऱ्यातल्या शेजाऱ्यांपैकी कोणी भेटायला आलं की तब्येतीचं विचारायच्या आधी हेच. ज्या लोकांसमोर पाच वर्षं तुझा विषय निघाला की ते उठून आत जायचे, त्यांना बसवून सांगायचे. जोशीकाकू मला बाहेर म्हणाल्या, अगं, आम्ही तर कधीच विसरलो होतो.

शेजारच्या कॉटवर विकी म्हणून भनपुरीचा ट्रक ड्रायव्हर होता, पाय प्लास्टरमध्ये. त्याला तर रोजचा पाठ. त्याने बिचाऱ्याने एकदा विचारलं, "बाबूजी, केस किस थाने में है?" तू जेलमध्ये आहेस असं समजून बसला होता. म्हणाला, घबराइए मत, छूट जाएगा. नाना म्हणाले, "छूट गया. उसको मालूम नहीं है." मला हसू आलं, आणि मग व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

शेवटच्या दोन दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मी तोंड पुसायला गेले तर मलाही परकी समजून माझं मनगट धरलं. हाताला अजून जोर होता.

"बाई, माह्या पोट्ट्यानं काही केलं नाही."

"हव नाना," मी म्हटलं, "मले माहीत आहे."

"मंग त्याले सांगजो," म्हणाले. "माह्यासंग तो बोलत नाही."

म्हणून सांगतेय.

ताई